विश्लेषण : चिखलदऱ्यात चालणारे ओव्हरक्लॉकिंग अकोल्यात का अडखळते? मदरबोर्ड कसा पारखावा?

मदरबोर्डच्या खोक्यावर 'ओव्हरक्लॉकिंग रेडी', '१६ फेज', 'एक्स्ट्रीम' असे शब्द ठळक छापलेले असतात. मात्र तो बोर्ड मे महिन्यात अकोल्याच्या बंद खोलीत चालणार आहे की घाटमाथ्यावरच्या चिखलदऱ्यात, हे खोक्याला ठाऊक नसते. वऱ्हाडात लग्नांचे व्हिडिओ एडिट करणारे स्टुडिओ, अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि गेमर पाच-सहा वर्षांचा विचार करून संगणक जुळवून घेतात. त्यातला मदरबोर्ड नंतर बदलणे सर्वांत कटकटीचे असते. त्यामुळे तो घेताना नेमके काय पाहावे आणि ओव्हरक्लॉकिंगसाठी जादा पैसे मोजावेत का, हे समजून घेणे गरजेचे ठरते.

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे काय?

प्रोसेसरचा वेग दोन आकड्यांच्या गुणाकारातून ठरतो. पहिला बेस क्लॉक, जो बहुतेक संगणकांत १०० मेगाहर्ट्झ असतो. दुसरा मल्टिप्लायर. मल्टिप्लायर ५० असेल तर वेग ५,००० मेगाहर्ट्झ, म्हणजे ५ गिगाहर्ट्झ. तो ५२ केला की ५.२ गिगाहर्ट्झ. कंपनीने ठरवलेल्या मर्यादेपुढे हा आकडा नेणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग.

अडचण अशी की वाढीव वेगावर चिप स्थिर राहण्यासाठी सहसा व्होल्टेजही वाढवावे लागते. चिपची वीजखपत वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग १० टक्के आणि व्होल्टेज १० टक्के वाढवले, तर १.१ × १.१ × १.१ या हिशेबाने खपत सुमारे ३३ टक्क्यांनी वाढते. ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीत येते. म्हणजे दहा टक्के वेगासाठी तेहतीस टक्के उष्णता, असा हा सौदा आहे.

कोणत्या बोर्डावर ते शक्य असते?

पहिली चाळणी चिपसेटची. इंटेलच्या बाबतीत दोन अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. प्रोसेसरच्या नावात 'के' हे अक्षर हवे आणि बोर्डाचा चिपसेट 'झेड' मालिकेतला हवा, उदाहरणार्थ झेड६९०, झेड७९० किंवा नवा झेड८९०. बी६६० आणि बी७६० या बोर्डांवर रॅमचा वेग वाढवता येतो, पण प्रोसेसरचा मल्टिप्लायर वाढवता येत नाही. एच६१० वर रॅमसाठीही ती मोकळीक नाही. त्यामुळे साधा आय५-१२४०० घेऊन त्याखाली महागडा झेड बोर्ड बसवणे ओव्हरक्लॉकिंगच्या दृष्टीने व्यर्थ ठरते.

एएमडीचे बहुतेक डेस्कटॉप रायझन प्रोसेसर खुले असतात. बी५५०, बी६५०, एक्स६७० या चिपसेटवर ओव्हरक्लॉकिंग करता येते, तर ए५२० आणि ए६२० वर प्रोसेसरसाठी ती सोय नसते. अपवाद 'एक्स३डी' प्रकारच्या काही प्रोसेसरचा. ७८००एक्स३डी चा मल्टिप्लायर कंपनीने बंद ठेवला होता, तर २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या ९८००एक्स३डी वर तो खुला केला.

चिपसेटने दार उघडले म्हणजे काम झाले असे नाही. एकाच चिपसेटचे स्वस्त आणि महाग असे अनेक बोर्ड बाजारात असतात. त्यांच्यातला मुख्य फरक पुढच्या भागात आहे.

व्हीआरएम कळीचा का ठरतो?

एसएमपीएसकडून बोर्डाला १२ व्होल्ट मिळतात. प्रोसेसरला लागतात सव्वा व्होल्टच्या आसपास. हे रूपांतर करणारी यंत्रणा म्हणजे व्हीआरएम. प्रोसेसरच्या सॉकेटभोवती हीटसिंकखाली दडलेला हा भाग असतो.

हिशेब करून पाहू. प्रोसेसर २०० वॅट घेत असेल आणि व्होल्टेज १.२५ असेल, तर प्रवाह १६० अँपिअर होतो. घरातल्या साध्या प्लगमधून ६ अँपिअर जातात हे लक्षात घेतले की या आकड्याचा अंदाज येतो. हा प्रवाह आठ फेजमध्ये वाटला तर प्रत्येकीवर २० अँपिअर, सोळांत वाटला तर १० अँपिअर. प्रवाह निम्मा झाला की एका फेजमधील प्रतिरोधामुळे होणारी उष्णता पाव होते. फेज दुप्पट असल्या तरी एकूण उष्णता निम्म्यावर येते. जास्त फेजचा फायदा तो हा.

व्हीआरएमची कार्यक्षमता ९० टक्के धरली, तर २०० वॅट देताना सुमारे २२ वॅट तिथेच उष्णता म्हणून अडकतात. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानातली २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न बोर्डाच्या कोपऱ्यात सतत चालू ठेवण्यासारखेच हे आहे. म्हणून त्यावरचा हीटसिंक जड, खाचा असलेला आणि नीट टेकलेला हवा. केवळ शोभेचे प्लास्टिकचे झाकण नको.

खोक्यावरचा फेजचा आकडा मात्र जसाच्या तसा धरू नये. '१६+२' लिहिलेले असले तरी अनेकदा आठ फेजना प्रत्येकी दोन जोड्या लावलेल्या असतात. त्यात वाईट काही नाही, पण प्रत्येक जोडी किती अँपिअरची आहे हेही पाहावे लागते. ५० अँपिअरच्या १६ आणि ९० अँपिअरच्या १६ यांत मोठा फरक आहे. कंपनीच्या संकेतस्थळावर ही माहिती दिलेली नसेल, तर तिथेच सावध व्हावे.

चिखलदरा आणि अकोला यांत फरक किती?

पंखा असो वा पाण्याचा कूलर, कोणतेही साधे कूलिंग चिपला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. म्हणजे खोलीचे तापमान हाच पाया, आणि चिपची उष्णता त्यावर चढते.

चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे, तर अकोला-अमरावतीचे मैदान साधारण ३०० ते ३५० मीटरवर. उंचीबरोबर हवा दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते. त्या हिशेबाने घाट चढून गेले की पाच अंशांचा फरक नुसत्या उंचीमुळे पडतो. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जाणे नवे नाही. तिथे खोली ४० अंशांवर असेल, तर त्याच दिवशी चिखलदऱ्यातली खोली ३५ च्या आसपास धरता येते.

या फायद्यातून थोडी वजाबाकीही करावी लागते. उंचीवर हवा विरळ असते. मैदानाच्या तुलनेत चिखलदऱ्यातील हवेची घनता सात-आठ टक्क्यांनी कमी असते. पंखा तितक्याच फेऱ्या मारतो, पण प्रत्येक फेरीत कमी हवा, म्हणून कमी उष्णता वाहून नेतो. खोलीपेक्षा ५० अंशांनी तापणाऱ्या चिपवर याचा परिणाम दोन-तीन अंशांचा धरावा. पाच अंश मिळाले, दोन-तीन गेले. तरीही पारडे चिखलदऱ्याच्या बाजूनेच झुकते, आणि हिवाळ्यात तर ते अधिकच झुकते. पण थंडीत तपासून 'स्थिर' ठरवलेली सेटिंग मे महिन्यात ढासळू शकते, आणि घाटावर जमलेली सेटिंग संगणक खाली परतवाड्याला किंवा अकोल्याला आणला की कोलमडू शकते. सेटिंग तपासायची ती वर्षातल्या सर्वांत उष्ण दिवसांत.

रिव्ह्यूमधला आकडा घरच्या खोलीवर कसा आणायचा?

बोर्डांचे बहुतेक रिव्ह्यू २० ते २५ अंशांच्या वातानुकूलित खोलीत होतात. त्यातला आकडा वऱ्हाडात तसाच लागू पडत नाही. त्यासाठी सोपी रीत आहे. रिव्ह्यूतल्या तापमानातून तिथल्या खोलीचे तापमान वजा करायचे आणि आपल्या खोलीचे मिळवायचे.

समजा, रिव्ह्यूत प्रोसेसर ७२ अंशांवर होता आणि खोली २५ वर. फरक ४७. अकोल्यात खोली ४२ असेल तर प्रोसेसर ८९ वर जाईल. चिखलदऱ्यात ३५ च्या खोलीत, विरळ हवेचे दोन-तीन अंश धरून, ८४-८५. रायझन ७००० मालिकेतील बहुतेक प्रोसेसरची कमाल मर्यादा ९५ अंश आहे. म्हणजे रिव्ह्यूत दिसणारी २३ अंशांची सवड अकोल्यात सहा अंशांवर येते. मर्यादा गाठली की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. ओव्हरक्लॉकिंगने कमावलेले तिथेच गळून जाते.

व्हीआरएमलाही हाच हिशेब लावावा. तिथले मॉसफेट शंभरी ओलांडली तरी तग धरतात, पण शेजारचे कॅपॅसिटर उष्णतेने लवकर थकतात. एखाद्या सॉलिड कॅपॅसिटरचे आयुष्य १०५ अंशांना ५,००० तास दिलेले असेल, तर ८५ अंशांना ते ढोबळमानाने दहापट, म्हणजे ५०,००० तास धरले जाते. वीस अंशांचा फरक असा बोर्डाच्या आयुष्यात उतरतो. रिव्ह्यूत व्हीआरएमचे तापमान दिलेच नसेल, तर तो रिव्ह्यू ओव्हरक्लॉकिंगसाठी अपुरा समजावा.

कूलर, धुके आणि वीज यांचे काय?

वऱ्हाडात उन्हाळा म्हणजे घरोघरी डेझर्ट कूलर. त्याने खोली थंड होते, तेवढा संगणकालाही फायदा होतो. पण कॅबिनेट थेट कूलरच्या झोतात ठेवू नये. झोताबरोबर पाण्याचे बारीक तुषार येतात. पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात तर त्या पाण्यात क्षार असतात. कूलरच्या ताट्यांवर जो पांढरा थर बसतो, तो बोर्डावर बसलेला कोणालाच नको असतो.

चिखलदऱ्याची अडचण वेगळी. पावसाळ्यात तिथे दिवसच्या दिवस धुके आणि ओल असते. चालू संगणक खोलीपेक्षा गरम असल्याने त्यावर सहसा दव धरत नाही. धोका असतो तो अनेक दिवस बंद पडून राहिलेल्या, धूळ साचलेल्या संगणकाला. धूळ ओल धरून ठेवते. पावसाळ्याआधी धूळ काढणे आणि संगणक अधूनमधून चालू ठेवणे हा सोपा उपाय आहे.

तिसरा मुद्दा विजेचा. घाटमाथ्यावर वादळी पावसात वीज जाणे-येणे नित्याचे. बायोस अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्ड सुरूच होत नाही. म्हणून 'बायोस फ्लॅशबॅक'चे बटण असलेला बोर्ड घ्यावा. त्यात प्रोसेसर-रॅमशिवायही पेन ड्राइव्हवरून बायोस पुन्हा टाकता येतो. ही सोय नसेल तर बोर्ड घेऊन घाट उतरावा लागतो. यूपीएस घेताना ओव्हरक्लॉकिंगची वाढीव वॅट संख्या धरूनच क्षमता ठरवावी.

कंपनीची मूळ सेटिंग तरी सुरक्षित असते का?

नेहमीच नाही, हे गेल्या काही वर्षांत दोनदा दिसले. एप्रिल २०२३ मध्ये काही रायझन ७०००एक्स३डी प्रोसेसर सॉकेटमध्येच जळाल्याच्या तक्रारी आल्या. त्यानंतर नव्या बायोसद्वारे एसओसी व्होल्टेजवर १.३ व्होल्टची मर्यादा घालण्यात आली. रॅमसाठीचे एक्स्पो प्रोफाइल चालू केल्यावर बोर्ड हे व्होल्टेज आपोआप वाढवत असत.

दुसरे प्रकरण इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे. २०२४ मध्ये या डेस्कटॉप प्रोसेसरच्या अस्थिरतेच्या तक्रारी जगभरातून आल्या. आधी बोर्डांच्या ढिल्या वीजमर्यादांकडे बोट दाखवले गेले आणि इंटेलने बोर्ड कंपन्यांना आपली मूळ सेटिंग वापरण्यास सांगितले. जुलैमध्ये प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत असल्याचे कंपनीने मान्य केले. ऑगस्टमध्ये '०एक्स१२९' हा मायक्रोकोड बायोसमार्फत आला आणि बाधित प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवण्यात आली. मात्र आधीच झिजलेली चिप अपडेटने दुरुस्त होत नाही.

यातून दोन धडे निघतात. पहिला, बोर्ड निवडताना कंपनी जुन्या बोर्डांसाठी किती वर्षे बायोस देत आली आहे, हे तिच्या सपोर्ट पानावर तपासावे. दुसरा, जुना आय७ किंवा आय९ बोर्डासह विकत घेताना बायोसची तारीख पाहावी आणि किमान अर्धा तास जड काम चालवून पाहावे.

वॉरंटीचाही विचार हवा. एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू करणे हेदेखील ओव्हरक्लॉकिंगच मानले जाते, आणि त्यामुळे झालेल्या बिघाडावर प्रोसेसर कंपन्या वॉरंटी नाकारू शकतात. दुकानदाराचे 'काही होत नाही' हे तोंडी आश्वासन तिथे कामी येत नाही.

वेग किती वाढतो, मोल किती पडते?

विक्रमांचे जग वेगळे असते. डिसेंबर २०२२ मध्ये इंटेलच्या आय९-१३९००के ने ९ गिगाहर्ट्झचा टप्पा ओलांडला, पण द्रवरूप हेलियम ओतून. घरात तसे होत नाही. आजचे प्रोसेसर कारखान्यातूनच क्षमतेच्या टोकाजवळ चालवले जातात, त्यामुळे हाती उरते थोडेच.

५.१ गिगाहर्ट्झवरून ५.३ वर जाणे म्हणजे जेमतेम चार टक्के. एका तासाचे व्हिडिओ रेंडरिंग त्यामुळे साधारण ५८ मिनिटांत होईल. यासाठी खपत ८० वॅटने वाढली आणि संगणक रोज सहा तास जड कामावर चालला, तर महिन्याला १४ युनिटहून अधिक जादा वीज लागते. पुन्हा वऱ्हाडात लग्नसराई आणि रेंडरिंगचा जोर येतो तो नेमका एप्रिल-मे मध्ये, जेव्हा खोल्या सर्वांत तापलेल्या असतात.

उलट दिशेचा मार्ग म्हणूनच मैदानातल्या गावांना जास्त मानवतो. व्होल्टेज पाच टक्के कमी करूनही चिप त्याच वेगावर स्थिर राहिली, तर खपत सुमारे दहा टक्क्यांनी घटते. याला अंडरव्होल्टिंग म्हणतात. एएमडी बोर्डांवरील 'इको मोड' किंवा वीजमर्यादा ठरवण्याची सोयही हेच काम करते. चांगल्या बायोसची परीक्षा किती वेग चढवता येतो यावर होतेच, पण वीज आणि पंखे किती बारकाईने आवरता येतात यावरही होते.

बाकी कोणत्या सोयी तपासाव्यात?

• रॅम : स्लॉट दोन की चार? चारही भरल्यावर डीडीआर५ चा वेग बहुधा खाली येतो. दोन मोठ्या पट्ट्या घेणे बरे. बोर्ड कंपनीच्या यादीत ती रॅम आहे का, ते पाहावे.

• एम.२ : किती स्लॉट आहेत, त्यावर हीटसिंक आहे का, आणि एखादा स्लॉट भरल्यावर साटा पोर्ट बंद पडतात का, हे मॅन्युअलमध्ये दिलेले असते.

• पंख्यांच्या पिना : किमान चार हव्यात आणि बायोसमधून प्रत्येकीचा वेग वेगळा ठरवता यायला हवा.

• तपासणीचे दिवे : रॅम, प्रोसेसर, ग्राफिक्स यांपैकी कुठे अडले ते सांगणारे चार छोटे एलईडी. सर्व्हिस सेंटर दूर असेल तिथे ही सोय मोलाची.

• वीज जोडणी : ओव्हरक्लॉकिंगसाठी प्रोसेसरची आठ पिनांची जोडणी भक्कम हवी. एसएमपीएसला तेवढ्या केबल आहेत का, हे आधी पाहावे.

• वायफाय, २.५ गिगाबिट लॅन, रंगीत दिवे : गरज असेल तरच पैसे मोजावेत.

घेतल्यावर चाचणी कशी करावी?

आधी मूळ सेटिंगवर सिनेबेंच अर्धा तास चालवावे आणि एचडब्ल्यूइन्फो या मोफत सॉफ्टवेअरमध्ये प्रोसेसर, व्हीआरएम आणि वेग यांची नोंद ठेवावी. शेजारी साधा खोलीचा थर्मामीटर ठेवावा, कारण त्याच्याविना बाकी आकडे अर्धवट. मग मल्टिप्लायर एकेका पायरीने वाढवावा. दर पायरीला गुणांकन वाढते का ते पाहावे. तापमान वाढले आणि गुण जिथल्या तिथे राहिले, तर मागे यावे. रॅमसाठी मेमटेस्ट८६ रात्रभर चालवावे. एकही चूक दिसली तर ती सेटिंग स्थिर नाही. कामाच्या फायलींचा बॅकअप या सगळ्याच्या आधी घ्यावा.

मग कोणी कोणता बोर्ड घ्यावा?

अभ्यास, कार्यालयीन काम आणि साधे गेमिंग एवढेच असेल, तर ६५ वॅट गटातला प्रोसेसर आणि चांगल्या व्हीआरएमचा मधल्या किमतीचा बी मालिकेतला बोर्ड पुरेसा. व्हिडिओ एडिटिंगचा व्यवसाय असेल, तर तोच वर्ग पण अधिक जड हीटसिंकचा. ओव्हरक्लॉकिंगसाठी लागणारा जादा पैसा रॅम, एसएसडी आणि चांगल्या एसएमपीएसवर खर्च केला तर रोजच्या कामात फरक जास्त जाणवतो. ओव्हरक्लॉकिंग हाच छंद असेल, तर मात्र झेड किंवा एक्स मालिका, फेजच्या अँपिअरचा खुला तपशील आणि फ्लॅशबॅक या तीन गोष्टींवर तडजोड करू नये.

दुकानात जाताना एक आकडा सोबत न्यावा : मे महिन्यातल्या दुपारी आपल्या खोलीचे तापमान. चिखलदऱ्यात तो ३५ असेल, अकोल्यात ४२. कोणत्याही रिव्ह्यूतील फरक त्यात मिळवला आणि उत्तर नव्वदीच्या वर गेले, तर तो बोर्ड-प्रोसेसरचा जोड ओव्हरक्लॉकिंगसाठी त्या घराचा नाही.